गेटची स्प्रिंग

त्या गल्लीत दोघा भावांना नावाने कोणी हाक मारत नसे. थोरला आणि धाकटा, एवढ्यावर भागायचं. धाकट्याची बायको म्हणून ती धाकटी. लग्न होऊन आली तेव्हा तिला ते खटकलं होतं. पुढे तिची सख्खी बहीणसुद्धा फोनवर "काय गं धाकटे" म्हणायला लागली, तेव्हा तिने हात टेकले.

पुढे सुऱ्या-कात्र्यांचं दुकान, मागे पत्र्याची शेड, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. थोरला दुकानात बसायचा, धाकटा शेडमध्ये पाती बनवायचा. एकाची जीभ आणि एकाचा हात यावर आमचं घर चालतं, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. त्यात जीभ आधी आणि हात नंतर का येतो, हे धाकटीला लवकरच कळलं. थोरला सासूबाईंच्या गळ्यातला ताईत होता. धाकटा गुणी होता, म्हणजे गप्प होता.

शेडमधला बेल्ट ग्राइंडर धाकट्याने स्वतः बनवला होता. लाकूड कापायच्या जुन्या मशीनची मोटर, भंगारातून उचललेले लोखंडी अँगल, ओळखीच्या लेथवाल्याकडून कातून घेतलेली तीन चाकं. वर घरच्या खिडक्या रंगवून उरलेला हिरवा रंग. खरखरीत पट्टा, म्हणजे बेल्ट, त्या तीन चाकांवरून पळायचा आणि त्यावर पातं टेकवलं की ठिणग्या उडायच्या. वरचं चाक एका हलत्या दांडीवर होतं आणि दांडीला मागून एक स्प्रिंग ओढून धरायची, म्हणून बेल्ट ताठ राहायचा. स्प्रिंग जाळीच्या दाराची, साधी, बारीक. ठिणग्या पडू नयेत म्हणून धाकट्याने तिच्यावर पत्र्याचं झाकण बसवलं होतं.

धाकटी शेडच्या कोपऱ्यात शिलाई मशीनवर सुऱ्यांची म्यानं शिवायची. त्यामुळे नवऱ्याचं काम तिने जवळून पाहिलं होतं. बेल्ट बदलला की तो मोटर सुरू करायच्या आधी बोटाने बेल्ट दाबून बघायचा. नखभर आत गेला पाहिजे. मग सतारीच्या तारेसारखा छेडायचा आणि कान देऊन ऐकायचा. ढिला असला तर जोर दिला की चाकावर घसरतो, पातं नुसतं तापतं. फार ताणला तर बेअरिंग रडतात आणि बेल्टचा जोड उसवतो.

"बेल्टला टेन्शन द्यायचं," तो म्हणायचा, "आपण घ्यायचं नाही."

हा त्याचा एकुलता एक विनोद होता. ती दर वेळी हसायची.

मग बाजारातल्या खाटकाची मोठी ऑर्डर आली. त्याला आणि त्याच्या शेजारच्या गाळेवाल्यांना सत्तूर हवे होते, जाड पात्याचे, आणि लवकर. एकट्या धाकट्याच्याने होईना म्हणून थोरलाही सकाळी मशीनवर उभा राहायला लागला. त्याला धीर कसा तो नव्हता. पातं बेल्टवर टेकवायच्या ऐवजी अंगाचा भार टाकून रेटायचा. बेल्ट घसरायचा, मोटर घुमायची, आणि थोरला मशीनला शिव्या घालायचा.

"दादा, रेटू नकोस," धाकटा म्हणायचा. "बेल्टला कापू दे. त्याचं काम त्याला करू दे."

"तुझी मशीनच मेंगळट आहे," थोरला म्हणायचा. "तुझ्यासारखी."

नंतर एका दुपारी बेल्ट तुटला. धाकटा सत्तुराची कड काढत होता. बंदूक उडावी तसा आवाज झाला. तुटताना बेल्टने पातं ओढलं, हातातली पकड फिरली, आणि त्याने स्वतः घासलेलं ते पातं उजव्या अंगठ्याच्या बुडाशी आत गेलं. धाकटी शिलाई टाकून धावली. तिने म्यानासाठी कापलेलं जाड कापड त्याच्या हाताला गुंडाळलं. रिक्षा मिळेपर्यंत ते भिजलं होतं.

डॉक्टरांनी जखम शिवली, पण अंगठ्याची शीर नीट जुळली नाही. अंगठा तिथेच होता, दिसायला अगदी धड. फक्त वळायचा नाही. शर्टाचं बटण लावता यायचं नाही, मग पातं धरणं लांबच.

थोरला दवाखान्यात उशिरा आला. दुकान बंद करून, शेडमधलं रक्त पुसून आलो, म्हणाला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहून डोळ्याला पदर लावला. "तू होतास म्हणून," त्या म्हणाल्या. थोरल्याने धाकट्याच्या पायावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घाई नडली रे तुला. किती वेळा सांगितलं."

धाकट्याने डोळे मिटले. त्यालाही तसंच वाटत होतं. बेल्ट धड होता, चढवताना ताण त्याने स्वतः पाहिला होता, मग चूक दुसऱ्या कुणाची असणार?

त्यानंतर धाकटा दुकानात बसायला लागला. डाव्या हाताने सुऱ्या कागदात गुंडाळून द्यायचा. हळू व्हायचं, गिऱ्हाईक ताटकळायचं, आणि कुणीतरी हमखास विचारायचं, हाताला काय झालं म्हणून. उत्तर थोरला द्यायचा.

"आमच्या धाकट्याने धार तपासून बघितली. स्वतःच्याच हातावर. एकदम पास झाली."

गिऱ्हाईक हसायचं. मग थोरला चेहरा पाडून म्हणायचा, "पण खरं सांगू, घाई नडली." विनोद आणि उपदेश, दोन्ही एका दमात. धाकटाही ओठ ताणून हसायचा. धाकटी चहाचे पेले घेऊन आली की तिला ते ऐकावं लागायचं. पहिल्या खेपेला तिला रडू आलं. पुढे रडू येईनासं झालं आणि त्या जागी दुसरंच काही येऊन बसलं.

तिने एकदा जावेजवळ विषय काढून पाहिला. थोरली स्वभावाने वाईट नव्हती. "अगं, त्यांचं बोलणंच तसं," ती म्हणाली. "मनात काही नसतं."

धाकटीशिवाय शेडकडे कुणी फिरकत नव्हतं. थोरल्याने बाहेरून तयार सुऱ्या आणायला सुरुवात केली होती. एके दिवशी धाकटीने शिलाईला बसण्यापूर्वी मशीनवरची धूळ झाडायला घेतली आणि तिचा हात दांडीशी थांबला. स्प्रिंगचा आकडा ज्या भोकात अडकायचा, ते भोक गोल राहिलं नव्हतं. ओढून लांबट झालं होतं, त्याची कड फाटली होती. दांडीही किंचित वाकली होती. तिने झाकण काढलं. आत जाळीच्या दाराची तीच बारीक स्प्रिंग. हिच्या अंगात लोखंड वाकवायचं बळ नव्हतं.

तिने शेड पालथी घातली. भंगाराच्या डब्यात, तळाशी, पत्र्याच्या तुकड्यांखाली तिला दुसरी स्प्रिंग सापडली. जाडजूड, लोखंडी गेटची. तिच्या आकड्याला हिरवा रंग चिकटला होता.

ती स्टुलावर बसली. सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. बेल्ट घसरतो म्हणून थोरल्याने सकाळी स्प्रिंग बदलली. झाकण वरून लावलेलं, त्यामुळे धाकट्याला कळलं नाही. त्या दिवशी बेल्ट आधी चढवलेलाच होता, चालू होता, मग तो दुपारी पुन्हा दाबून कशाला बघेल? आणि बेल्ट तुटल्यावर, भाऊ रिक्षात रक्त सांडत असताना, थोरला मागे थांबून स्प्रिंग परत बदलत होता. मग रक्त पुसलं. मग दवाखान्यात येऊन पायावर हात ठेवला.

चूक एखाद्याकडून होते. तिचा राग चुकीवर नव्हता. नंतर रोज, गिऱ्हाइकागणिक, त्याने जे केलं होतं त्यावर होता.

त्या संध्याकाळी ती स्प्रिंग पदराखाली घेऊन नवऱ्याला सांगायला दुकानात गेली. थोरला कुणाला तरी धार पास झाल्याचं सांगत होता आणि धाकटा हसत होता. ती दारातून परत फिरली. स्प्रिंग तिने शिलाई मशीनच्या खणात ठेवली.

दुपारी जेवणं झाली की थोरला आडवा व्हायचा आणि धाकटा दुकान सांभाळायचा. ती वेळ तिने घेतली. दांडी पकडीत धरून सरळ केली. फाटलेल्या भोकाशेजारी नवं भोक पाडलं. जाळीच्या दाराची स्प्रिंग लावली आणि मोडक्या सुऱ्यांवर हात बसवायला सुरुवात केली. सुरुवातीला बेल्ट चाकावरून उतरून पत्र्यावर आपटला तेव्हा तिची पाचावर धारण बसली. मग तिला कळलं की वरच्या चाकाचा कल बदलणारा एक स्क्रू आहे, तो केसभर फिरवला की बेल्ट डावी-उजवीकडे सरकतो. शिलाईत वरचा दोरा आणि खालचा दोरा जुळवावा लागतो, तसंच हे. दोरा जास्त ओढला तर टाका चुणतो, सैल सोडला तर खाली गुंता होतो. हे तिच्या बोटांना आधीपासून येत होतं.

मशीनचा आवाज दुकानात जायचा. धाकट्याने एकदा रात्री वर बिऱ्हाडात आल्यावर विचारलं, "तू चालवतेस?"

"तुमची हरकत आहे?"

"चष्मा घाल," तो म्हणाला. आणि जाता जाता, "पातं खाली ओढत ने. वर ढकलू नको."

तो स्वतः शेडमध्ये आला नाही.

थोरल्याने आवाज ऐकून, बाईमाणसाला हौस आली आहे, असं म्हणत सोडून दिलं. त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. काम संपलं की धाकटी रोज तो स्क्रू फिरवून ठेवायची. तिच्याशिवाय कुणी मशीन सुरू केली तर बेल्ट सरळ उतरून जाईल, इतका. ती कशाची वाट बघत होती हे तिलाही नेमकं माहीत नव्हतं. पण थोरल्याला कधीतरी तिच्याकडे यावं लागेल, एवढी सोय तिने करून ठेवली होती.

ती वेळ आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरातल्या महागड्या वस्तूंचं शोरूम होतं. त्याच्या मालकीणबाईंना हाताने बनवलेल्या सुऱ्या हव्या होत्या. थोरला त्यांना भेटून आला आणि जेवताना सगळ्यांना सांगायला लागला.

"गुरुवारी बाई स्वतः येणार आहेत काम बघायला. मी सांगितलं, मशीन मी डिझाइन केलीय, पाती मीच घासतो. असं सांगावं लागतं. लोकांना कारागीर बघायचा असतो."

धाकट्याचा घास हातात राहिला. थोरला म्हणाला, "तुझं नाव सांगून काय उपयोग, मग बाई म्हणणार दाखवा बनवून."

दुसऱ्या दिवशी थोरल्याने मशीन सुरू केली. बेल्ट सटकून त्याच्या कानाशेजारून गेला आणि भिंतीवर आदळला. तो पांढराफटक पडून दुकानात आला. "तुझी ती मशीन बिघडलीय," धाकट्याला म्हणाला. "चल, ताण जमवून दे."

धाकट्याने उजवा हात मांडीवरून उचलला आणि परत ठेवला. "ती जमवेल," तो म्हणाला. "तिला येतं."

थोरला धाकटीकडे वळला. त्याच्या बोलण्यात एकदम लोणी आलं. "बघ ना जरा. घरचंच काम आहे."

"बघते की, भाऊजी," धाकटी म्हणाली.

बुधवारी दुपारी तिने शेडचं दार आतून लावून घेतलं. खणातून गेटची स्प्रिंग काढली आणि लावली. तिला दोन्ही हातांनी दांडी दाबून धरावी लागली, तेव्हा कुठे आकडा भोकात गेला. मग एक जुना, जोडाशी भेगाळलेला बेल्ट शोधून चढवला. बोटाने दाबला. बोट आत गेलंच नाही. छेडला तर इतक्या उंच पट्टीत वाजला की तिच्या दातांत शिरशिरी गेली.

ती तशीच उभी राहिली. उद्या थोरला इथे उभा राहील, नवा एप्रन घालून. पातं टेकवेल आणि सवयीने रेटेल. तिने ते सगळं मनात बघितलं, शेवटपर्यंत. आवाज, रक्त, रिक्षा. तिला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, उन्हातून येऊन गार पाणी प्यायल्यासारखं.

पण मग तिला त्याच्या पुढचंही दिसलं. हाताला पांढरं बँडेज बांधून थोरला दुकानात बसलाय. येणारा-जाणारा हळहळतोय. सासूबाई भरवतायत. आणि तो सांगतोय, कसा एका हाताने भावाचा संसारही ओढतोय. हात गेला तर तो बिचारा होणार. आणि तिला तो बिचारा नको होता.

तिने स्प्रिंग काढली, जुन्या जागी बारीक स्प्रिंग लावली, वर झाकण बसवून स्क्रू पिळले. नवा बेल्ट चढवला. दाबला, नखभर गेला. चाक आधी हाताने फिरवलं, बेल्ट मधोमध येईपर्यंत कल जुळवला, मग क्षणभर मोटर चालवून बंद केली. बेल्ट रुळावरच्या डब्यासारखा जागच्या जागी धावला. जाड स्प्रिंग तिने स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकली.

संध्याकाळी ती बाजारात गेली आणि खाटकाला म्हणाली, "उद्या सकाळी तुमचा सत्तूर धार लावायला घेऊन या. भाऊजी स्वतः लावून देणार आहेत." खाटीक मनाने मोकळा होता आणि तोंडाने त्याहून मोकळा. त्याच्या कानात पडलेली गोष्ट दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराची व्हायची.

गुरुवारी शोरूमच्या बाई आल्या. साध्या, कमी बोलणाऱ्या, सगळीकडे नीट बघणाऱ्या. खाटीक सत्तूर घेऊन आधीच उभा होता. सासूबाईंसाठी दाराशी खुर्ची टाकली होती, शेजारी थोरली. धाकटा उंबऱ्यावर थांबला. हात गेल्यापासून तो पहिल्यांदाच शेडच्या इतक्या जवळ आला होता.

बाईंची नजर धाकट्याच्या हातावर गेली आणि त्यांनी विचारलं. थोरला तयारच होता.

"त्याने धार तपासून बघितली. स्वतःच्याच हातावर. पास झाली." खाटीक हसला, त्याने हे आधी ऐकलं होतं तरी. बाई हसल्या नाहीत. थोरल्याने लगेच चेहरा पाडला. "घाई नडली, दुसरं काय."

त्याने खाटकाकडून सत्तूर घेतला, चष्मा चढवला आणि मशीनसमोर उभा राहिला. त्याचं बोट बटणावर गेलं.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "सांगायचं राहिलं. बेल्ट घसरत होता ना, म्हणून तुमचीच ती जाड स्प्रिंग लावलीय."

थोरल्याचं बोट थांबलं. "कुठली स्प्रिंग?"

"गेटची. तुम्ही मागे लावली होती ती. भंगाराच्या डब्यात होती. आता घसरणार नाही बघा. रेटा किती रेटायचं ते."

थोरल्याने झाकणाकडे पाहिलं. वरून काहीच दिसत नव्हतं. त्याने बोट बटणावरून काढलं, कपाळ पुसलं, परत ठेवलं.

"अहो, लावा की," खाटीक म्हणाला. "माझा गाळा उघडा आहे."

"मोटर जरा तापलीय," थोरला म्हणाला.

"अजून सुरूच कुठे केलीत?" बाईंनी विचारलं.

थोरला एक पाऊल बाजूला सरकला. बेल्टच्या रेषेतून बाहेर. ते पाऊल सगळ्यांनी पाहिलं. उंबऱ्यावरून धाकट्याने हाक मारली. त्याचा आवाज शांत होता.

"दादा, कुठली स्प्रिंग?"

"काही नाही रे. हिचं आपलं काहीतरी."

"काही नाही तर सुरू कर."

थोरल्याने सत्तूर टेबलावर ठेवला. "आज नको," तो म्हणाला. "आज माझं डोकं दुखतंय."

धाकटीने सत्तूर उचलला. चष्मा घातला आणि बेल्टसमोर, नवरा उभा राहायचा त्याच जागी उभी राहिली. तिने बटण दाबलं तेव्हा थोरल्याने दोन्ही हात तोंडावर धरले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. ठिणग्या उडत होत्या, बेल्ट मधोमध पळत होता, सत्तुराची कड उजळत होती, आणि एक धडधाकट माणूस कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. धाकटीने मुद्दाम सावकाश काम केलं. तिला घाई नव्हती.

मोटर बंद करून तिने खाटकाला सत्तूर दिला. मग स्क्रू सोडून झाकण काढलं. आत बारीक स्प्रिंग होती. खिशातून जाड स्प्रिंग काढून तिने नवऱ्याच्या डाव्या हातात ठेवली.

"आकड्याला आपल्या मशीनचा रंग आहे," ती म्हणाली. "तुम्हाला घाई नडली नव्हती."

धाकट्याने स्प्रिंग उलटसुलट करून पाहिली. मशीनपाशी गेला, फाटलेल्या जुन्या भोकात आकडा घालून बघितला. त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मी दवाखान्यात असताना परत बदललीस?" त्याने विचारलं.

थोरला उठून उभा राहिला होता, पण वर बघत नव्हता. "घाबरलो होतो," तो म्हणाला.

"आणि नंतर?"

बाईंनी पर्स उचलली, धाकटीला म्हणाल्या, "मी तुम्हाला फोन करीन," आणि निघून गेल्या. खाटीक त्यांच्या मागोमाग गेला. एवढी गोष्ट पोटात घेऊन तो चालत जाणं शक्य नव्हतं, जवळजवळ पळतच गेला.

सासूबाई खुर्चीतून उठेनात. तिथूनच धाकटीला म्हणाल्या, "घरातलं घरात सांगायचं होतंस."

"घरातलं घरात कुठे राहिलं होतं, आई? भाऊजी दुकानात रोज सांगतच होते."

धाकटा तिच्याशी काही दिवस बोलला नाही. तिला हे अपेक्षित नव्हतं. जेवायचा, उठायचा, खिडकीशी बसायचा. शेवटी एकदा तोंड उघडलं ते याच्यासाठी. "मला एकट्याला सांगता आलं असतं तुला."

"आलं असतं."

"मग?"

"तुम्ही माफ केलं असतं," ती म्हणाली.

त्याने यावर पुष्कळ विचार केलेला दिसला. "केलं असतं," तो म्हणाला.

बाजाराने थोरल्याचं नाव बदललं. थोरला गेलं, स्प्रिंगशेठ आलं. तो रस्त्याने निघाला की कुणीतरी विचारायचं, "काय स्प्रिंगशेठ, आज टाईट की ढिले?" दुकानात येणारी गिऱ्हाइकं गंभीर तोंडाने गेटची स्प्रिंग आहे का म्हणून चौकशी करायची. तो आधी हसून साजरं करायचा, मग चिडायला लागला, आणि चिडतो म्हटल्यावर लोकांना जास्तच चेव चढला. त्याने दुकानात बसणं सोडलं. नंतर दूरच्या एका मालगोदामात कारकुनी धरली आणि थोरलीला घेऊन तिकडेच खोली बघितली. सासूबाई मागे राहिल्या. धाकटीशी त्या कामापुरतं बोलत. तिनेही जास्त मागितलं नाही.

सामान हलवायच्या आदल्या दिवशी थोरला शेडमध्ये आला. धाकटी बेल्ट बदलत होती. धाकटा शेजारी स्टुलावर बसून, डाव्या हाताने पात्यावर खुणा करून देत होता. शोरूमच्या बाईंचं पहिलं काम चालू होतं.

"खाटकाला तेवढं सांग," थोरला तिला म्हणाला. "तू सांगितलंस तर ऐकेल. माझ्या सासुरवाडीपर्यंत पोचलंय ते नाव. मेव्हणे तोंडावर म्हणतात."

तो खरंच वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. धाकट्याने खाली मान घातली. धाकटीने बेल्ट दाबून पाहिला, स्क्रू जरासा फिरवला.

"लोकांचं तोंड मी कशी धरू, भाऊजी," ती म्हणाली.

"मी पाया पडू का तुझ्या?"

"नको. तुम्ही मोठे आहात."

तिने मोटर सुरू केली, तेव्हा तो दचकून मागे सरला आणि दारातून बाहेर पडला. अंगणात त्याची चप्पल वाजत गेली, मग ती ऐकू येईनाशी झाली.

धाकटीने ते पातं पुरं केलं आणि मोटर बंद केली. धाकटा तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, दयाही नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आता तरी समाधान झालं?" त्याने विचारलं.

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि खरं काय ते मनात शोधून पाहिलं.

"अजून नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि खुणा केलेलं पुढचं पातं तिच्यापुढे सरकवलं.